माळ्यावरचा राजपुत्र

एखादी जुनी वस्तू निकामी झाली असे आपण म्हणतो, तेव्हा ती कुठेतरी मोडली असणार, हे आपण गृहीतच धरलेले असते. घड्याळाची कमान तुटते, बाजाच्या पेटीचा भाता फाटतो, पाट्याला टाकी लावावी लागते. परंतु काही वस्तू अशाही असतात की, त्यांचा एक कणसुद्धा झिजलेला नसतो आणि तरी त्या चालत नाहीत. आपल्या इंदूरकरांना ह्याचे जवळचे उदाहरण सांगायचे तर होळकर दरबारच्या मोडी कागदांचे सांगता येईल. कागद शाबूत, शाई काळीभोर, अक्षर एकटाकी. वाचणारा तेवढा मिळत नाही. कागदाचे काही बिघडलेले नसते, त्याच्या भोवतीचे जग निघून गेलेले असते.

दुसरे उदाहरण संगणकावरील जुन्या खेळांचे. पन्नाशी ओलांडलेल्या, मराठीत एम. ए. केलेल्या, सरकारी शाळेच्या हजेरीपटात आणि मध्यान्ह भोजनाच्या हिशेबात आयुष्य गेलेल्या मुख्याध्यापकाने ह्या विषयावर लेखणी उचलावी, ह्याचे वाचकांना हसू येईल. येऊ द्यावे. परंतु गेले काही महिने मी ह्या उद्योगात गुंतलो होतो, आणि त्यातून जे हाती आले ते केवळ खेळापुरते नाही, असे वाटल्यावरून हे चार शब्द.

आमच्या लोकमान्यनगरच्या घरी संगणक आला तो १९९८ साली. माझा धाकटा भाऊ त्या वेळी बावीस वर्षांचा होता. शिकवण्या करून साठवलेले त्याचे पैसे आणि उरलेली भर वडिलांची, असा तो सुटे भाग जुळवून घेतलेला संगणक. पेंटियम प्रोसेसर, ३२ एमबी स्मृती आणि ४.३ जीबीची हार्ड डिस्क. ही माहिती तो येणाऱ्या-जाणाऱ्यास इतक्या अभिमानाने सांगे की, माझ्या आईलाही ती पाठ झाली होती. आईने यंत्राला हळदकुंकू वाहिले, पडद्यावर स्वतः विणलेला क्रोशाचा रुमाल घातला आणि "ह्याला वास येत नाही ना गरम झाल्यावर?" एवढी एकच शंका विचारली.

आठ दिवसांत आमच्या ओटल्यावर गल्लीतल्या मुलांच्या चपलांची रांग लागू लागली. डिगर, पॅराट्रूपर, डेंजरस डेव्ह आणि प्रिन्स ऑफ पर्शिया ही त्या काळातली चार दैवते. खेळ फ्लॉपीवरून ह्या घरातून त्या घरात जात, जसे उन्हाळ्यात कुरडयांचे सोरे जात असत. मूळ मालक कोण, त्याला पैसे पोचले की नाही, हे कोणी विचारीत नसे. कायद्याच्या भाषेत ती सर्व चोरीच होती आणि शिक्षकाने ते स्पष्ट म्हटलेले बरे. पण त्या चोरीवाचून इंदूरसारख्या गावातल्या मध्यमवर्गीय मुलांना संगणकाची भीती गेली नसती, हेही तितकेच खरे.

भावाचा जीव प्रिन्स ऑफ पर्शियावर. जॉर्डन मेक्नर नावाच्या अमेरिकन तरुणाने हा खेळ १९८९ साली अ‍ॅपल-२ ह्या संगणकासाठी रचला आणि १९९० साली तो डॉसवर आला. सुलतान परदेशी मोहिमेवर गेला आहे, वजीर जाफर राजकन्येला एका तासाची मुदत देतो, आणि तळघरात कोंडलेल्या तिच्या प्रियकराने त्या साठ मिनिटांत बारा मजले ओलांडून तिला सोडवायचे, एवढीच कथा. पण त्यातला तो पांढऱ्या कपड्यांतला तरुण ज्या रीतीने धावे, कडेला लोंबकळे, अडखळून सावरे, ती रीत त्या काळच्या दुसऱ्या कुठल्याही खेळात नव्हती. कारण ती खऱ्या माणसाची होती. मेक्नरने आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून धावायला व उड्या मारायला लावले, त्याचे चित्रण केले आणि त्या चित्रणातली एकेक मुद्रा गिरवून पडद्यावर उतरवली. खेळातले संगीत त्यांच्या वडिलांनी, फ्रान्सिस मेक्नर ह्यांनी दिले. म्हणजे तोही एका घराचाच उद्योग होता.

आमच्या घरी हा खेळ दोघे मिळून खेळत. भाऊ कळा दाबी आणि आई शेजारी वाती वळत बसे. तिला इंग्रजी अक्षर येत नव्हते, पण कुठल्या मजल्यावर फरशी सुटते, कुठे जमिनीतून सुळे वर येतात, हे तिला त्याच्यापेक्षा अधिक लक्षात राही. "अरे, खड्डा!" ही तिची आरोळी शेजारच्या घरी ऐकू जाई.

भाऊ २०२१ च्या एप्रिलात गेला. त्या महिन्याविषयी येथे अधिक लिहीत नाही. ज्या घरांनी तो महिना पाहिला त्यांना सांगावे लागत नाही, आणि इंदूरात अशी घरे पुष्कळ आहेत. त्याची मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती. ती आता बारावीला आहे आणि माझ्याशी बोलते त्यापेक्षा यंत्रांशी अधिक बोलते.

निमित्त झाले ते विंडोज १० चे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने त्या प्रणालीचे पाठबळ थांबवले. घरातला संगणक जुना, नव्या प्रणालीच्या अटींत तो बसेना. तेव्हा पुतणीसाठी विंडोज ११ असलेला लॅपटॉप घेतला. जागा करताना माळ्यावरचा तो १९९८ सालचा पत्र्याचा डबा खाली आला. भंगारवाल्याला द्यावा की नाही ह्यावर बोलणे चालले असता पुतणी म्हणाली, "काका, बाबांचा तो उड्या मारणारा खेळ ह्यात असेल?"

आता खेळ हवा असेल तर माळा झाडण्याची आवश्यकता नाही, हे मलाही लवकरच कळले. इंटरनेट अर्काइव्ह ह्या संस्थेने २०१५ सालीच डॉसचे हजारो खेळ आपल्या संग्रहात अशा रीतीने ठेवले की, कोणालाही ते घरबसल्या उघडून खेळता यावेत. पुतणीने पाच मिनिटांत प्रिन्स ऑफ पर्शिया शोधला, दोन मजले खेळली आणि बंद केला. मी विचारले, "का ग?" तर म्हणाली, "हा कोणाचाही आहे, काका. बाबांचा डब्यातच असेल." ह्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. ज्ञानेश्वरीच्या छापील प्रती बाजारात ढिगाने मिळतात म्हणून आजोबांची, समासात खुणा केलेली प्रत कोणी रद्दीत घालीत नाही.

डबा घेऊन आम्ही दोघे रवींद्रनाथ टागोर मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये गेलो. संगणकाचे दुखणे असले की निम्मे इंदूर तिथे जाते. पहिल्या दुकानदाराने डब्याकडे पाहिलेही नाही. दुसऱ्याने पाहिले आणि "भाईसाहब, इसमें अब क्या रखा है" म्हणून नवी डिस्क दाखवू लागला. तिसरे दुकान जिन्याखाली होते. तिथला मनुष्य माझ्याच वयाचा. त्याने डबा उघडला, फुंकर मारून धूळ उडवली, हार्ड डिस्क काढून कानाशी धरून हलवली आणि मान डोलावली, जशी आमच्या लहानपणी वैद्य नाडी पाहून डोलावीत. जुन्या चाळीस टाचण्यांच्या जोडणीची डिस्क आजच्या यूएसबी खाचेत बसवणारी एक जोडपट्टी त्याच्याजवळ होती. वीज दिल्यावर डिस्क आधी कुरकुरली, मग दोनदा टकटकली आणि नंतर एका सुरात फिरू लागली. सत्तावीस वर्षांपूर्वी भावाने पाडलेले सगळे कप्पे नव्या लॅपटॉपच्या पडद्यावर जसेच्या तसे उमटले. त्याने पैसे फार घेतले नाहीत. पुतणी रडते आहे हे त्याने पाहिले होते.

'प्रिन्स' नावाचा कप्पा सापडला. त्यातला सारा ऐवज मिळून दोन एमबीही भरला नाही. आज मोबाइलवर काढलेला एक फोटो ह्याहून जड असतो. त्यावर दोनदा टिचकी मारली आणि नव्या प्रणालीने निर्विकारपणे कळवले की, हा प्रोग्राम तुमच्या संगणकावर चालू शकत नाही.

इथे थोडे थांबून, असे का व्हावे, हे सांगितले पाहिजे. मला स्वतःला ते समजून घ्यायला पुतणीच्या चार संध्याकाळी लागल्या.

इंटेल कंपनीने १९७८ साली ८०८६ नावाचा प्रोसेसर काढला. तो एका वेळी सोळा बिटांचा हिशेब करी आणि त्याला एकंदर एक एमबी स्मृतीच ओळखता येई. त्याच घराण्यातला ८०८८ प्रोसेसर घेऊन १९८१ साली आयबीएमचा पीसी निघाला, आणि डॉस व त्यावरचे सगळे खेळ ह्या सोळा बिटी जमिनीवर उभे राहिले. पुढे १९८५ साली बत्तीस बिटी ८०३८६ आला, तेव्हा इंटेलने एक शहाणपण केले. नव्या प्रोसेसरच्या पोटातच एक कोपरा असा ठेवला की, तिथे तो हुबेहूब जुन्या ८०८६ सारखा वागे. नवा बंगला बांधताना आईसाठी मागच्या बाजूला एक चूल राखून ठेवावी, तसे हे. विंडोज ९५, ९८, एक्सपी ह्या प्रणाल्यांत जुने खेळ चालत ते ह्या कोपऱ्याच्या आधाराने. पण २००३ साली चौसष्ट बिटी प्रोसेसर बाजारात आला आणि त्याच्या नव्या कार्यपद्धतीत हा कोपरा ठेवलेला नव्हता. साहजिकच चौसष्ट बिटी विंडोजमधून जुन्या खेळांना आसरा देणारी सोय गेली. बत्तीस बिटी आवृत्त्या निघत होत्या तोवर ते फारसे कोणाला जाणवले नाही. २०२१ साली आलेली विंडोज ११ पीसीसाठी केवळ चौसष्ट बिटी आहे. चूल गेली, आता पुरण वाटायचे कुठे?

कधी कधी तर घरचेच माणूस नव्या घरात वावरू शकत नाही. विंडोज एक्सपीबरोबर येणारा, अवकाशयानाचे चित्र असलेला पिनबॉलचा खेळ पुष्कळांना आठवत असेल. तो मायक्रोसॉफ्टने पुढच्या, व्हिस्टा नावाच्या आवृत्तीतून काढून टाकला. चौसष्ट बिटी प्रणालीसाठी त्याची नवी बांधणी केली, तेव्हा चेंडू इतर वस्तूंवर आपटायचा सोडून भुतासारखा त्यांच्या आरपार जाऊ लागला, आणि तो का जातो, हे त्या जुन्या लिखाणातून मायक्रोसॉफ्टच्या लोकांनाही उलगडेना, असे तिथल्याच रेमंड चेन ह्या जाणकाराने नंतर लिहिले आहे. लिहिणाऱ्याने टिपा ठेवल्या नाहीत की पुढच्यांचे असे होते. हे वाक्य मी दुसऱ्या दिवशी परिपाठात आमच्या शिक्षकांना ऐकवले.

तर उपाय काय? उपाय डॉसबॉक्स नावाच्या एका प्रोग्रामाने केला. पीटर व्हेन्स्ट्रा आणि स्यूर्द व्हान डर बेर्ग ह्या दोन डच गृहस्थांनी २००२ साली तो प्रथम प्रसिद्ध केला आणि आजवर त्याचे मूल्य शून्य आहे. तो जुना खेळ बदलत नाही, नवी प्रणालीही बदलत नाही. तो स्वतः जुन्या संगणकाचे सोंग घेतो. प्रोसेसर तोच, ध्वनीपट्टी तीच, काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी पांढरी रेघ तीच. खेळ बिचारा समजतो की आपण १९९० सालीच आहोत. ह्या प्रकाराला इंग्रजीत एम्युलेटर म्हणतात. मराठीत 'अनुकारी' वगैरे शब्द सुचवता येतील, पण मला विचाराल तर आपल्या तमाशातला 'सोंगाड्या' हा शब्द अधिक नेमका आहे. सोंगाड्या जसा क्षणात पाटील आणि क्षणात मावशी होतो, आणि समोरच्याने तेवढ्यापुरते खरे मानले की खेळ रंगतो, तसेच हे आहे.

सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, अशी आपली म्हण आहे. डॉसबॉक्सच्या बाबतीत अवघड सोंग निघाले ते मंदपणाचे. आयबीएमच्या पहिल्या पीसीचा वेग ४.७७ मेगाहर्ट्झ होता. त्या काळच्या काही लेखकांनी, यंत्राला ह्याहून वेग येईल अशी कल्पनाच न करता, खेळाची चाल यंत्राच्या चालीला बांधून टाकली. असा खेळ आजच्या प्रोसेसरवर मोकळा सोडला तर खेळाडूने बोट उचलण्यापूर्वी संपून जातो. म्हणून डॉसबॉक्स ह्या एवढ्या बलदंड यंत्राला मुद्दाम रखडत ठेवतो. खिडकीच्या माथ्यावर चक्रांचा आकडा दिसतो, आरंभी ३०००. कंट्रोल धरून एफ ११ दाबले की तो उतरतो, एफ १२ दाबले की चढतो. १९८३ सालचा डिगर खेळून पाहताना मी आणि पुतणी हा आकडा वर-खाली करीत बसलो होतो, तानपुऱ्याची खुंटी पिळतात तसे. एका जागी तो लागला. मी म्हणालो, "बस, हाच." पुतणीने विचारले, "कशावरून?" कशावरून ते मला सांगता येईना, कानांना आणि बोटांना ते माहीत होते. ती म्हणाली, "मग लिहून ठेवा, काका." तिने तो आकडा वहीत उतरवला. भाऊही असाच वहीत उतरवून ठेवी.

ह्या कामी कोणा कंपनीचे साहाय्य झाले नाही, हे मला विशेष वाटले. ज्यांनी खेळ विकले त्यांच्यातल्या कित्येक कंपन्या बुडाल्या किंवा विकल्या गेल्या. खेळ जिवंत ठेवले ते बिनपगारी, हौशी लोकांनी. कोणी हॉलंडात, कोणी हंगेरीत, कोणी आणखी कुठे. एकाने तर प्रिन्स ऑफ पर्शियाची डॉस आवृत्ती उसवून, टाका न टाका मोजून, आजच्या संगणकांसाठी ती पुन्हा शिवली आहे. मूळ लेखकाच्या घरचीही अशीच कथा. मेक्नरला आपल्या खेळाचे मूळ लिखाण सापडत नव्हते. २०१२ साली त्याच्या वडिलांना कपाटाच्या तळाशी एक खोके सापडले आणि त्यात त्या जुन्या फ्लॉपी होत्या. इंटरनेट अर्काइव्हचे जेसन स्कॉट आणि जुन्या अ‍ॅपलचे जाणकार टोनी डियाझ ह्यांनी त्या वाचून दिल्या, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये मेक्नरने ते सारे लिखाण जगाला खुले करून टाकले. बापाने कपाट आवरले म्हणून मुलाचे काम वाचले. माळे आणि कपाटे झाडून मोकळी करण्याचा सध्या जो उत्साह आहे, त्याविषयी माझे मत ह्यामुळे थोडे कलुषित झाले आहे.

आमचा खेळ चालू झाला तो एका रविवारी, दुपारच्या चहानंतर. डॉसबॉक्समध्ये जुना कप्पा 'सी' ह्या नावाने जोडला, 'प्रिन्स' एवढे लिहिले आणि कळ दाबली. आई शेजारच्या खाटेवर होती. ती आता त्र्याऐंशी वर्षांची आहे. डोळ्यांनी कमी दिसते. पण नाममुद्रेबरोबरचे ते संगीत वाजले मात्र, तिने हातातली वात खाली ठेवली.

पूर्वी आम्ही सगळे आरंभीची चित्रे कळ दाबून पुढे ढकलीत असू. खेळाची घाई असे. त्या दिवशी कोणीच कळ दाबली नाही. राजकन्या, वजीर, वाळूचे घड्याळ हे सारे आपल्या गतीने होऊन गेले आणि त्यानंतर पडद्यावर मानकऱ्यांची यादी आली. जो राजकन्येला सोडवतो त्याचे नाव आणि त्याच्या हाती उरलेला वेळ ह्या यादीत राहतो. 'प्रिन्स' कप्प्यातल्या एका इवल्याशा फाइलीत ती साठवलेली असते. पुतणीला डब्यातलाच खेळ का हवा होता, ते मला त्या क्षणी कळले. जगात ह्या खेळाच्या असंख्य प्रती असतील, पण ती फाइल एकच होती.

यादीत दोन नावे होती. वर भावाचे, घरात हाक मारायचे नाव. अकरा मिनिटे शिल्लक. त्याखाली रोमन अक्षरांत 'आई'; दोन मिनिटे शिल्लक.

पुतणी आजीकडे पाहू लागली. "आजी, तू खेळलीस?"

"मी कशाची खेळते! मी सांगितलं तसं तो खेळला. एकदा म्हणाला, आज तुझ्या नावाचा खेळ. मी सांगीन तेव्हाच उडी." आणि थोड्या वेळाने, "जिंकलो होतो आम्ही. त्याने साखर दिली होती हातावर."

मी त्या घरात राहून मला हे ठाऊक नव्हते. त्या सुमारास माझी बदली धारकडे होती.

त्याच डिस्कवर दुसऱ्या एका कप्प्यात भावाने आईच्या तोंडून उतरवून घेतलेल्या ओव्या निघाल्या. जात्यावर बसून तिची आई म्हणे, त्या. चाळीसच्या वर होत्या. फाइल उघडली, आणि अक्षरांच्या जागी कंस, टिंबे, फ्रेंचातली टोपीवाली अक्षरे, डॉलरची चिन्हे असा सगळा कचरा. खेळापेक्षा हा प्रकार मला अधिक जिव्हारी लागला, कारण आईला आता त्यांतल्या चार-दोनच आठवतात. मराठी टंकलेखनाचा हा जुना रोग आहे. १९९१ साली एकीकडे इस्की हे भारतीय प्रमाण ठरले आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरी आली. पण घरोघरच्या विंडोजने देवनागरी नीट ओळखायला २००० साल उजाडले, आणि तोवर प्रत्येक फाँटने आपली बाराखडी इंग्रजी अक्षरांच्या जागी मन मानेल तशी कोंबलेली होती. आमच्या प्रांतातल्या कार्यालयांत कृतिदेव चाले, छापखान्यांत श्रीलिपी, घरी जे मिळेल ते. फाँट असेल तर मराठी, नसेल तर भुताटकी. राजपुत्रासाठी तीन देशांतली माणसे रात्री जागली. ह्या ओव्यांसाठी कोण जागणार, असे मनात आलेच.

पण पुतणी डोके धरून बसणाऱ्यांतली नव्हे. ती म्हणाली, "बाबांच्या संगणकात दिसत होतं ना? मग फाँट पण डिस्कवरच असेल." जुन्या विंडोजच्या फाँटांच्या कप्प्यात दीडशेच्या वर नावे होती. ती एकेक करून तिने नव्या लॅपटॉपवर बसवली. हे जुने फाँट विंडोज ११ मुकाट्याने स्वीकारते, हा एक चमत्कारच. रात्री साडेअकराच्या सुमारास एका फाँटाबरोबर तो सगळा कचरा हलला आणि ओळींच्या ओळी मराठीत उभ्या राहिल्या. चार ठिकाणी जोडाक्षरे चुकली आहेत, दोन ओव्यांची शेवटची ओळ नाही. बाकी सर्व आहे. ते आता मी स्वतः युनिकोडमध्ये उतरवून काढीत आहे; रोज शाळेतून आल्यावर पाच ओव्या. फाँटावर पुन्हा विसंबायचे नाही.

खेळाचे मात्र पुतणीने मनावर घेतले. महिन्याभरात ती बाराव्या मजल्यापर्यंत गेली आणि तिथे अडली. त्या मजल्यावर राजपुत्राची सावली त्याला आडवी येते. ही सावली चौथ्या मजल्यावर आरशातून उडी मारताना त्याच्यातूनच निघालेली असते आणि तेव्हापासून त्याच्या वाटेत विघ्ने आणीत असते. मेक्नरने पुढे सांगितले आहे की, अ‍ॅपल-२ ची स्मृती इतकी अपुरी होती की नव्या शत्रूचे चित्र ठेवायला जागाच नव्हती. म्हणून नायकाचेच चित्र उलटसुलट मिसळून त्याने ही सावली निर्माण केली. गरिबीत सुचलेली युक्ती, पण अख्ख्या खेळात तीच लक्षात राहते. पुतणी तिच्यावर तलवार चालवी आणि स्वतः मरे. सावलीला लागलेला वार आपल्यालाच लागतो. पाच वेळा, दहा वेळा. इंटरनेटवर उत्तर मिळाले असते, पण तिला ते तिथून नको होते. मला आठवत नव्हते.

खाटेवरून आई म्हणाली, "तलवार आत घाल म्हणावं तिला. सावलीशी भांडायचं नसतं, असं तो म्हणायचा."

पुतणीने तलवार म्यान केली. सावली पुढे आली, राजपुत्रही पुढे झाला, आणि दोघांची एकच आकृती होऊन पडदा क्षणभर लखलखला. पुढे डावीकडे मोठी दरी होती, खाली काहीच दिसत नव्हते. पुतणीची बोटे थबकली.

"आता धावायचं," आई म्हणाली. "खाली नाही बघायचं. जमीन येते."

आली. एकेक फरशी पावलाखाली येत गेली. त्यापुढे जाफर होता, आणि त्याने त्या संध्याकाळी तिला तीनदा मारले. चौथ्या खेपेस तिची आई, माझी धाकटी भावजय, स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि "दादा, तुम्ही तरी सांगा, महिन्यावर परीक्षा आली आहे" असे मला उद्देशून म्हणाली. मुख्याध्यापकाला ह्यावर दुसरे काय बोलता येणार! लॅपटॉप कपाटात गेला आहे. कपाटाची किल्ली आईच्या कनवटीला आहे, आणि ती अधूनमधून पुतणीला विचारते की परीक्षा नक्की किती तारखेला संपते.